दुसऱ्याच्या थैलीचे पारखी

दुसऱ्याच्या पैशाने बाजारहाट करण्यासारखी मौज नाही असे म्हणतात. पण मला विचाराल तर दुसऱ्याने केलेल्या बाजारहाटाला नावे ठेवण्याची मौज तिच्याहूनही थोर आहे. शेजाऱ्याने आणलेले वांगे हातात घेऊन, ते बोटाने दाबून पाहत, 'केवढ्याला घेतले?' असे विचारणारे गृहस्थ प्रत्येक आळीत एक तरी असतात. उत्तर काहीही येवो. यांची मान नकारार्थीच हलायची. त्यांना वांगे नको असते, आणि शेजाऱ्याचे दोन पैसे वाचावे अशी तळमळही नसते. त्यांना हवा असतो तो पारखीपणाचा मान, आणि तो ते एक छदामही खर्च न करता घरी घेऊन जातात.

पूर्वी हा मान वांगी, बैलजोड्या आणि सोयरिकी एवढ्यांवरच मिळवावा लागे. आता खेळाडूंचेही लिलाव होऊ लागल्यापासून या वर्गाची मोठीच सोय झाली आहे. क्रिकेटच्या लिलावाविषयी मी बोलत नाही. त्याचे पारखी घरोघर आहेत. माझा संबंध येतो तो हॉकीच्या पारख्यांशी, आणि ही जात दुर्मीळ असल्यामुळेच तिच्याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात.

कामठी हे मुळात छावणीचे गाव. कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी १८२१ साली येथे लष्कर आणून वसवले, आणि आजही ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र येथेच आहे. छावणीच्या गावाला पहाटेचा बिगूल आणि खेळाची मैदाने या दोन गोष्टी न मागता मिळतात. त्या मैदानांवर आमच्या गावाने खरे प्रेम केले ते फुटबॉलवर. हॉकीचे भक्त मूठभरच. परंतु अल्पसंख्य पंथाचे अनुयायी नेहमीच अधिक कडवे असतात. त्या पंथातील चौघेजण संध्याकाळी एका औषधाच्या दुकानाच्या ओट्यावर बसतात. एक पेन्शनीत निघालेले सुभेदार, एक गणिताचे मास्तर, दुकानाचे मालक आणि मी. सुभेदार बोलतात, मास्तर हिशेब करतात, दुकानदार गिऱ्हाईक सांभाळून मान डोलावतात, आणि माझ्याकडे श्रोत्याची भूमिका येते. ती मला आवडते.

२०१७ नंतर बंद पडलेली हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू व्हायची म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात १३ ते १५ तारखांना दिल्लीत खेळाडूंचा लिलाव झाला. पुरुषांचे आठ संघ. प्रत्येकाच्या थैलीत चार कोटी रुपये. आणि त्या चार कोटींत चोवीस माणसे गोळा करायची, त्यांतली आठ परदेशची. असा हा सौदा होता. ते तीन दिवस आमच्या ओट्यावर जी वर्दळ होती ती दिवाळीच्या खरेदीलाही नसते. मोबाईलवर एकेक नाव उतरे, आणि बोली संपायच्या आत सुभेदारांचा निकाल लागे.

पॅरिसला ब्राँझपदक मिळवून आलेल्या संघाचा कर्णधार आणि त्या ऑलिंपिकमध्ये सर्वांत अधिक, म्हणजे दहा, गोल करणारा हरमनप्रीत सिंग सूरमा हॉकी क्लबने अठ्ठ्याहत्तर लाखांना घेतला. लिलावातील ही सर्वांत मोठी बोली. सुभेदारांनी कपाळावर हात मारला.

"अठ्ठ्याहत्तर लाखाचा एकच बैल घेतला जी यायनं! आता गाडी कोण ओढन?"

मास्तरांनी तोंडातल्या तोंडात भागाकार केला. "साडेएकोणीस टक्के," ते म्हणाले. "थैलीचा पाचवा हिस्सा एका माणसात. उरलेल्या तेवीस जणांना सरासरी फक्त चौदा लाख."

"पण पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोल!" दुकानदार खोकल्याच्या औषधाची बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाले.

"मिळाला तर ना! मिळवून द्यायला पुढं कोणी पायजे का नाई?"

हा वाद वरवर पाहता पोरकट वाटेल, पण तो तसा नव्हता. हॉकीत एखाद्या खेळाडूचे मोल काय हा प्रश्न खरोखरच अवघड आहे, कारण ते मोल त्याच्या एकट्याच्या अंगात नसते. मास्तरांनी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली ती मला फार मार्मिक वाटली. याच लीगमध्ये २०१६ आणि २०१७ या दोन वर्षी असा नियम होता की मैदानी गोलाला दोन गुण आणि पेनल्टी कॉर्नरवरच्या गोलाला एकच. म्हणजे चेंडू ओढून भिरकावणाऱ्या ज्या मनगटाला आज अठ्ठ्याहत्तर लाख पडतात, त्याच मनगटाची किंमत तेव्हा कागदावर निम्मी झाली होती. मनगट तेच आणि चेंडूचा वेगही तोच; कोणा समितीने एक ओळ बदलली आणि माणसाचा भाव उतरला! यावर सुभेदारसुद्धा काही वेळ गप्प होते.

घरी गेल्यावर मी हा सारा वृत्तांत पत्नीला उत्साहाने सांगितला. तिने पोळी लाटता लाटता एकच विचारले, "मुलींना किती दिले?" स्त्रियांची लीग त्या वर्षी प्रथमच व्हायची होती. त्यांच्या संघांची थैली दोन कोटींची होती, आणि सर्वांत मोठी बोली उदितासाठी, बत्तीस लाखांची. मी आकडे सांगितले. "मैदान निम्मे असते का त्यांचे?" एवढे बोलून तिने पोळी तव्यावर टाकली. ओट्यावर हा मुद्दा कोणाच्याच डोक्यात आला नव्हता हे येथे नमूद केले पाहिजे.

निकाल काय लागला म्हणाल तर तो कोणाच्याच बाजूने लागला नाही. १ फेब्रुवारी २०२५ रोजी राउरकेला येथे बंगालच्या संघाने हैदराबादला ४-३ असे हरवून विजेतेपद घेतले. अभिषेकसाठी बहात्तर लाख मोजले म्हणून याच बंगालला आम्ही उधळे ठरवले होते! त्या अंतिम सामन्यात तीन गोल केले ते मात्र जुगराज सिंगने. 'पेनल्टी कॉर्नरवाला हवाच' असे म्हणून दुकानदारांनी ते आपल्या बाजूला ओढले. 'पण तो अठ्ठ्याहत्तरचा नव्हे' असे म्हणून सुभेदारांनी आपल्या. सूरमा तिसरे आले. तिसरा क्रमांक म्हणजे बैलाने गाडी ओढली की नाही, यावर आजही ओट्यावर एकमत नाही. पारखीपणाचे हेच तर मर्म आहे. त्याला खोटे पाडील असा निकाल जगात लागूच शकत नाही.

वाचक विचारतील, या आठांत तुमचा संघ कोणता? तीच तर अडचण आहे. त्या आठांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. पूर्वी होता. २०१३ साली लीगचा पहिला हंगाम झाला तेव्हा मुंबई मॅजिशियन्स नावाचा संघ होता, आणि कामठीने तो आपला म्हणून पत्करला होता. वास्तविक मुंबईला आपले म्हणणे विदर्भातल्या माणसाला जरा जड जाते. पण मुंबईच्या कारभाराला नावे ठेवण्याचा सराव आम्हांला १९६० पासूनचा असल्यामुळे या संघाची निवड तपासण्याचे काम आमच्या अंगवळणी लवकर पडले. संदीप सिंगसाठी चौसष्ट हजार चारशे डॉलर मोजले; ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ यांच्यासारखा नाणावलेला शिक्षक आणला; आणि चार पाकिस्तानी खेळाडूही घेतले. शेवटच्या गोष्टीवर ओट्याचे दोन तट पडले होते. एका तटाचे म्हणणे, खेळ म्हणून पाहिले तर स्वस्तात उत्तम माल; दुसऱ्याचे म्हणणे, हवामान पाहून छत्री घ्यावी. जानेवारीत सरहद्दीवर तणाव वाढला, मुंबईत निदर्शने झाली, आणि लीगमधल्या सगळ्या पाकिस्तानी खेळाडूंना एकही सामना न खेळता परत जावे लागले. मुंबईचा संघ पाच संघांत पाचवा आला. मग निवड चुकली होती की काळ? पुढे त्या शहराचा संघ दबंग मुंबई या नव्या नावाने खेळला, २०१७ साली अंतिम सामन्यापर्यंत पोचला, तेथे कलिंगाकडून ४-१ असा हरला. आणि त्यानंतर लीगच थांबली. आता आम्ही पोरके पारखी आहोत. सुभेदारांनी पंजाबी खेळाडूंचा म्हणून सूरमा घेतला, आणि तरीही त्याला सर्वांत जास्त शिव्या तेच देतात. मास्तर दर आठवड्याला पक्ष बदलतात.

पण निवडीवर टीका करण्याचा हा छंद लिलावाने जन्माला घातला असे मात्र कोणी समजू नये. पैशाची थैली नव्हती तेव्हाही तो होता. १९२८ साली आम्स्टरडॅमला पाठवायचा संघ निवडण्यासाठी कलकत्त्यास प्रांताप्रांतांचे सामने भरले, तेव्हा आलेल्या पाच प्रांतांत आमचा मध्यप्रांतही होता, हे सांगताना सुभेदारांची छाती आजही फुगते. संयुक्त प्रांताने ती स्पर्धा जिंकली. त्या संघात ध्यानचंद होते. निवडलेला संघ मुंबईहून बोटीने निघाला तेव्हा निरोप द्यायला अवघी तीन माणसे आली होती. सुवर्णपदक घेऊन परत आल्यावर मात्र बंदरावर गर्दी मावेना. १९३२ साली निवडीच्या सामन्यांसाठी पलटणीने ध्यानचंदांना रजाच दिली नाही, आणि निवडणाऱ्यांनी त्यांना सामना न खेळवताच संघात घेतले. नियमाप्रमाणे पाहिले तर हा पक्षपात. पण त्याविरुद्ध ओरड करायला जीभ रेटेल असा मनुष्य अद्याप जन्मायचा आहे. १९३६ साली बर्लिनला पोचलेला संघ सरावाच्या सामन्यात जर्मनीकडून ४-१ असा हरला, तेव्हा मागे राहिलेल्या दारांना तारेने बोलावून विमानाने नेण्यात आले. ते उपांत्य सामन्याला येऊन पोचले, आणि अंतिम सामन्यात त्याच जर्मनीवर आठ गोल झाले. सुधारता येण्यासारखी निवड मी ही एवढीच ऐकली आहे.

बिघडवलेली निवड मात्र पुष्कळ. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या धनराज पिल्लेने १९९८ साली बँकॉकच्या आशियाई खेळांत भारताला बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक मिळवून दिले, आणि पदकाचा आनंद ताजा असतानाच कर्णधारासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर ठेवण्यात आले. त्या काळी आमचा ओटा नव्हता. पण सुभेदार सांगतात की त्यांच्या पलटणीच्या मेसमध्ये दोन दिवस जेवणाकडे कोणाचे लक्ष नव्हते.

कॅनडा-अमेरिकेत बर्फावरची हॉकी आहे; तिच्यात लिलाव नाही, पाळी आहे. १९६३ पासून दर वर्षी तेथील संघ नव्या पोरांना पाळीपाळीने निवडतात, आणि साधारणपणे जो संघ दुबळा त्याची पाळी आधी. मास्तरांना ही पद्धत न्यायाची वाटते, कारण तिच्यात भागाकार नाही. तेथेही निवडीच्या दिवशीच प्रत्येक संघाला शहाणे लोक गुण देऊन मोकळे होतात. १९९८ साली डेट्रॉइटने पावेल दात्सुक नावाचा एक रशियन पोरगा १७१ व्या पाळीला उचलला. एकशे सत्तर जण त्याच्या आधी निवडले गेले होते! पुढे तो त्या खेळातल्या थोरांत मोजला गेला. त्या दिवशीच्या गुणपत्रिका कोणी जपून ठेवल्या असतील तर त्या वाचायला मला आवडेल.

येथवर सारी मौजच आहे. आणि ती मौज अशीच चालू राहायला माझी काही हरकत नाही. परंतु गेल्या वर्षी एक प्रसंग घडला, त्यानंतर ओट्यावरच्या निकालांकडे मी जरा निराळ्या कानांनी ऐकू लागलो.

आमच्या गल्लीत एक मुलगा आहे. वय सोळा. वडील नाहीत, मामाच्या सायकलदुकानात पंक्चर काढतो. त्याची काठी दोनदा तुटलेली आणि दोनदा जोडलेली. डावीकडून चेंडू घेऊन तो निघाला की ओट्यावरचे चौघेही बोलणे थांबवतात, आणि आमचे बोलणे थांबवील असे या गावात दुसरे काही नाही. मुलांच्या जिल्ह्याच्या संघाची निवड एका मैदानावर व्हायची होती. आम्ही चौघेही गेलो. दोन दिवस सामने झाले. मुलगा चांगला खेळला, हे मीच म्हणतो असे नाही. सुभेदारांनी दोनदा शिटी वाजवली, आणि ते सहसा शिटी वाजवत नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीवर यादी लागली. अठरा नावे. त्याचे नाव नव्हते. त्या अठरांत दोन नावे अशी होती की त्यांच्या मालकांना दोन दिवसांत आम्ही धड दहा मिनिटे चेंडूवर पाहिले नव्हते.

आणि तेथे मी एक नवल पाहिले. चार कोटींच्या थैलीचा दोन मिनिटांत निवाडा करणारे आमचे मंडळ त्या भिंतीपुढे मुके झाले. मास्तरांनी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली; बेरीज मांडली नाही. दुकानदारांना दुकान आठवले. कारण उघड होते. दिल्लीच्या लिलावात बोली लावणाऱ्याचा चेहरा आम्हांला माहीत नसतो. त्याला उधळ्या म्हटले तर उद्या सकाळी तो दुधाच्या रांगेत भेटत नाही. भिंतीवरच्या यादीतील दोन नावांपैकी एकाचे वडील दुकानदारांचे जुने गिऱ्हाईक होते, दुसऱ्याचा चुलता मास्तरांच्या शाळेच्या मंडळावर. निवडणाऱ्यांतले एक गृहस्थ तर दिवाळीला सर्वांच्या घरी फराळाला येतात. आमच्या मताचा जेथे काडीचाही उपयोग नव्हता तेथे ते आम्ही खंडीभर उधळले, आणि जेथे त्याला कदाचित चार आणे वजन आले असते तेथे थैलीची दोरी घट्ट आवळली गेली. हा दोष एकट्या कामठीचा आहे असे मला वाटत नाही. सभ्यता म्हणून आपण ज्या गोष्टीचा गौरव करतो तिच्यात अशी मौने पुष्कळच शिवलेली असतात. आणि त्यांची किंमत बहुधा भिंतीपासून दूर, सायकल धरून उभा असलेला कोणी पोरगा देतो.

सुभेदार तेवढे पुढे गेले. टेबलाजवळ जाऊन, टाचा जुळवून, त्यांनी विचारले, "साहेब, सात नंबरच्या पोराचं काय कमी पडलं?" आवाज चढवला नाही, ओट्यावर चढतो त्याच्या निम्माही नव्हता.

उत्तर आले, "अंगानं लहान आहे."

"बरं," सुभेदार म्हणाले. "आणखी?"

आणखी काही नव्हते. सुभेदार तसेच उभे राहिले. आमच्या पिढीत सरकारी टेबलापुढे उगीच उभे राहण्याचा अभ्यास सर्वांना आहे. पण हे उभे राहणे निराळे होते. पाच मिनिटे झाली. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी कागद आवरले, पुन्हा पसरले, आणि अखेर राखीव म्हणून दोन नावे पेन्सिलीने खाली लिहिली. त्यांत दुसरे नाव या मुलाचे होते. राखीव म्हणजे काय, हे ज्यांनी खेळ खेळला आहे त्यांना सांगायला नको. गाडीभाडे मिळत नाही, पोशाख मिळत नाही. कोणी आजारी पडला तर निरोप येतो. यंदा कोणी आजारी पडला नाही.

मुलगा अजून पंक्चर काढतो. संध्याकाळी कधीकधी ओट्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसतो, आणि आमचे निवाडे ऐकतो. सुभेदारांना तो 'काका' म्हणतो, मास्तरांना 'सर'. परवा मास्तर त्याला जुन्या लिलावाचा हिशेब समजावून देत होते: आठ संघ, प्रत्येकी चोवीस, एकूण एकशे ब्याण्णव जागा, कोणी कुठे पैसा घालवला, कोणी कुठे वाचवला. मुलाने सगळे नीट ऐकून घेतले.

"सर, नाव देणारे किती होते?" त्याने विचारले.

"जागांच्या दुपटीहून जास्त."

"मग बाकीचे?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्या नावांची यादी आमच्यापैकी कोणीच कधी उघडून पाहिली नव्हती. मुलाने दुकानदारांकडे त्यांचा मोबाईल मागितला, पायरीवरच बसून तो शोधू लागला, आणि थोड्या वेळाने एकेक नाव मोठ्याने वाचू लागला. एका गोलरक्षकाच्या नावाशी तो थांबला. "हा ना काका, हा चांगला आहे," तो म्हणाला. "याला घ्यायला पाहिजे होतं." सुभेदार ओट्यावरून खाली उतरले आणि ते नाव पाहण्यासाठी त्याच्याशेजारी पायरीवर बसले.